मलूल

इस्त्रीच्या साड्या ठेवायला कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात गोधड्यांवर सुंठ बसली होती. झोपलेली असती तर मी दार लोटून निघून गेले असते. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं, त्यात काय विशेष! पण ही पाय पोटाखाली घेऊन, भिंतीकडे तोंड करून चक्क जागी होती. ‘‘काय गं?’’ म्हटलं, तर एक कान माझ्याकडे वळवला. फक्त कान.

दुपारी अडीच ही खरं तर तिची खिडकीची वेळ. समोरच्या सोनमोहरावर कावळे येतात, ती कठड्यावर बसून जबडा थरथरवत त्यांना कटकट-कटकट असं काहीतरी सुनावते, कावळे तिला जुमानत नाहीत. चार वर्षं हा कार्यक्रम बिनचूक चालू होता. गेल्या काही दिवसांत मात्र तो माझ्या कानावर आलेलाच नव्हता. किती दिवसांत? ते काही सांगता येईना. कुत्रा उदास असला की आपल्या समोर येऊन उदास असतो. मांजर नुसतं एकेक गोष्ट करायचं सोडून देतं, आणि हजेरीपट मांडून बसणारं घरात कुणी नसतं.

मग मी मांडला. पहाटे चारला माझ्या छातीवर फेऱ्या मारणं बंद. (हे बंद झाल्याचं लक्षात आलं होतं, पण सुंठेवाचून खोकला गेला म्हणून मी खूशच होते. तिचं नाव ठेवलं तेव्हापासून हा विनोद घरात रोज एकदा होतो, त्याला इलाज नाही.) वाटीतलं खाणं अर्धं. आणि शेपटीच्या वर, पाठीवर, केसांच्या गुठळ्या नि कोंडा. म्हणजे बाईंनी अंग चाटणंही सोडलं होतं. जी मांजरी माझा हात लागला तर तेवढाच भाग पुन्हा धुऊन काढते, तिने!

माझा संशय जाळीवर होता. सोसायटीचं रंगकाम निघालंय. महिन्यापूर्वी इमारतीभोवती बांबूंची परांची उभी राहिली, तिच्यावर हिरवी जाळी चढली, आणि आम्ही सगळे शेवाळलेल्या विहिरीत राहायला गेलो. सुंठेचं झाड, कावळे, समोरच्या बाल्कनीतला तिच्या मते आगाऊ असलेला बोका, सगळं एका दिवसात गेलं. वर खिडकीबाहेरून अचानक माणसं चढायची.

‘‘मांजराला कसलं आलंय डिप्रेशन?’’ नवरा म्हणाला. कोपऱ्यावरची चहाची टपरी उठली तेव्हा हा गृहस्थ आठ दिवस धड बोलत नव्हता, पण ते असो.

आईला फोन केला. तिने विचारलं, ‘‘मलूल आहे का?’’

किती वर्षांनी ऐकला हा शब्द! लहानपणी ताप यायच्या आदल्या दिवशी मी मलूल असायचे. गाभण म्हैस मलूल असायची, पाणी न मिळालेलं तुळशीचं रोप मलूल असायचं, आणि माहेरपण संपत आलेली मावशीही मलूलच. उर्दूत मलूल म्हणजे सरळ खिन्न. मराठीत येताना मात्र त्या शब्दाच्या अंगात जरा कणकण भरली. दुखतंय की वाईट वाटतंय, हे तो सांगत नाही. आमच्या घरात ते कुणी विचारतही नसे. कपाळाला हात लावायचा, मऊ भात करायचा.

आजोळी वाईला भुरी होती. ती कुणाची पाळलेली नव्हती, वाड्याची होती. एका उन्हाळ्यात ती माळ्यावर व्याली, मग रिवाजाप्रमाणे पिल्लांना सात घरं दाखवून परत आमच्याच माळ्यावर आली. चार पिल्लं. ती उतरंडीवरून उड्या मारायला लागली तेव्हा मामाने ती कापडी पिशवीत भरली आणि सायकल काढली. मासळीबाजाराजवळ सोडायची, म्हणजे उपाशी मरत नाहीत, असा हिशेब. मी पुढे दांडीवर, पिशवीचं तोंड माझ्या मुठीत. नऊ वर्षांची होते. पिशवी कोमट होती आणि आतून हलत होती, एवढं आठवतं, आणि येताना मामाने उसाचा रस पाजला तेही.

भुरी तीन दिवस हाका मारत हिंडली. ते नेहमीचं म्याँव नव्हतं, खर्जातलं, लांबलेलं. माळा, कोठीची खोली, न्हाणीघर, पुन्हा माळा. चौथ्या दिवशी गप्प झाली आणि खुंटीखाली येऊन बसली. खुंटीला ती पिशवी टांगलेली होती. ती मागच्या पायांवर उभी राहून पिशवीचा तळ हुंगायची, पुन्हा बसायची. आजी तिच्यापुढे दुधाची वाटी सरकवायची आणि मामाकडे न बघता म्हणायची, ‘‘मलूल झालीय.’’ पुढच्या बाजाराला त्याच पिशवीतून बटाटे आले. कुणी धुतली होती की नाही, कोण जाणे.

तर सुंठ. दोन-तीन दिवस अजिबात न खाल्लेल्या मांजराच्या यकृतावर चरबी चढते आणि ते जिवावर बेततं, हे मला ठाऊक होतं, म्हणून अर्ध्या वाटीवरच तिला डॉक्टरांकडे नेलं. टेबलावर ती घुरघुरत होती. ‘‘बघा, खूश आहे!’’ मी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘ताई, घाबरलेलं, दुखणारं मांजरही घुरघुरतं.’’ चार वर्षं मी ज्या आवाजाला शाबासकी समजत होते, त्यातला कितवा हिस्सा शाबासकी होता?

त्यांनी एक तक्ता दाखवला. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी प्रसिद्ध केली: कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा, मान. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. चार झाले की वेदनाशामक द्यायचं. सुंठेचे कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे बारीक, मान खांद्यांच्या खाली. पास झाली. (घरी येऊन मी वर्तमानपत्र वाचणाऱ्या नवऱ्यावर तक्ता लावून पाहिला. मिशा नाहीत, तरी पाच.)

‘‘मांजर उदास असूही शकतं, पण आधी शरीर बघायचं,’’ डॉक्टर म्हणाले आणि तिचा ओठ उचलला. खालच्या जबड्यात मागे एक दाढ, तिच्याभोवती हिरडी लालभडक. एक्स-रेत दिसलं की दाढेचं मूळ शरीर स्वतःच विरघळवत होतं. म्हणे मांजरांत हे फार आढळतं आणि ती बोलत नाहीत. बोलणार कशी? शिकार करणारं एवढंसं जनावर दुसऱ्या कुणाचीतरी शिकारही असतं. त्याने कण्हून चालत नाही.

दाढ काढली. म्हणजे मी इतके दिवस कावळ्यांच्या विरहाची कथा रचत होते आणि खरी गोष्ट तोंडात होती. असं मी नवऱ्याला कबूलही करणार होते. पण त्याच आठवड्यात आमच्या बाजूचं रंगकाम संपलं आणि जाळी उतरली.

आता ती वाटी चाटूनपुसून खाते, पाठ चकचकीत आहे, पहाटे चारला फेऱ्या सुरू. अडीचला कठड्यावर असते. परांची बांधताना सोनमोहराची कावळ्यांची ती फांदी तोडलेली आहे, तरी बसते. दाढेमुळे सुटली की जाळीमुळे, हे डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. नवरा म्हणतो दाढ. मी वादात पडत नाही.

परवा आईचा फोन. ‘‘काय झालं होतं गं मग तिला?’’

‘‘मलूल होती.’’

‘‘हं,’’ आई म्हणाली, आणि कैरीचं लोणचं घातलंस का, ते विचारायला लागली.