पाणउतारा

१९८६ साली मी नववी ‘ब’मध्ये होतो. वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा, आणि पावसाळ्यात ढग उतरले की गड अख्खाच्या अख्खा नाहीसा व्हायचा. अशाच एका ओल्या दिवशी जावळीकडून आलेला एक मुलगा मराठीचा धडा वाचायला उभा राहिला. ‘पाणी’ला तो ‘पानी’ म्हणाला, ‘आणि’ला ‘आनि’. वर्ग खुदखुदला. मधल्या सुट्टीत मी हातवारे करून त्याची नक्कल केली, त्याच्याच समोर. तो काही बोलला नाही. अर्धी भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून उठून गेला.

इंग्रजीच्या सरांनी हे दारातून पाहिलं होतं.

पुढचा तास त्यांचाच. मला वाटलं, आता छडी. पण त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘डिस्पॅरेज’, आणि अर्थ विचारला. कुणी ‘हिणवणे’ म्हणालं, कुणी ‘कमी लेखणे’. मागच्या बाकावरून आलं, ‘पाणउतारा करणे’. सर थांबले. ‘यातलं पाणी कुठलं?’ कुणालाच सांगता येईना. ‘मोत्याला पाणी असतं, तलवारीला असतं. पाणी म्हणजे तेज. दुसऱ्याचं तेज उतरवायचं, तो पाणउतारा.’ माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझे कान मात्र तापले होते.

मग खडूने त्यांनी त्या इंग्रजी शब्दाचे तुकडे पाडले. मधे लॅटिनचा ‘पार’ निघाला. पार म्हणजे समान, बरोबरीचा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये दर्जा, घराणं अशा अर्थाचा शब्द झाला, आणि त्याच्या आधी ‘देस’ लागलं की झालं बरोबरीतून खाली ओढणं. गंमत अशी की हा शब्द आधी लग्नाचा होता! बिनतोलाच्या घरात सोयरीक करून देणं, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडात सरदार वारला आणि वारस वयात आलेला नसला की त्याचं लग्न ठरवायचा हक्क वरच्या धन्याकडे जाई. धनी तो हक्क पैसे घेऊन विकत. सरदारांनी १२१५ साली जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद मान्य करून घेतली, त्यातलं सहावं कलम याबद्दलच आहे: वारसाचं लग्न त्याच्या बरोबरीला कमीपणा न आणता व्हावं आणि आधी जवळच्या नातलगांना कळवावं. तोंडाने हिणवणं हा अर्थ पुढे काही शतकांनी, सोळाव्या शतकात चिकटला.

हा शब्द मुळात उच्चनीच सांभाळणाऱ्यांचाच, हे मला फार नंतर उमगलं. पण त्याच्या पोटात ‘समान’ बसलेला आहे, तो काही निघत नाही. ‘पेअर’ म्हणजे जोडी, ‘कंपेअर’ म्हणजे शेजारी ठेवून पाहणं, ‘पीअर’ म्हणजे बरोबरीचा, सगळे त्याच ‘पार’चे. क्रिकेटचा अंपायरसुद्धा! मूळ ‘नोंपेअर’, जोडीत नसलेला तिसरा. इंग्रज माणसाने ‘अ नंपायर’ म्हणता म्हणता त्याचा ‘न’ अलीकडे ओढला आणि ‘अ‍ॅन अंपायर’ झालं. त्या दिवशी अंपायरवर वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

माझे वडील शाहू बोर्डिंगात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेलं वसतिगृह ते, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं तिथं एका पंक्तीत जेवायची. वडील ते अभिमानाने सांगत. त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर पानावर बसलो आणि घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला त्या जावळीच्या मुलाच्या बाकावर बसवलं. दोन वर्षं आम्ही तिथंच होतो. त्याच्या कंपासाचा स्क्रू पडला होता, पेन्सिल दोऱ्याने करकचून बांधलेली असायची. त्याच कंपासाने तो एका फेऱ्यात असं वर्तुळ काढायचा की रेघेला रेघ मिळालेली कुठे ते शोधावं लागे. माझ्या नव्या कंपासाने मला ते कधी जमलं नाही. माफी मी मागितली, ती दहावीच्या निरोप समारंभाला. तो म्हणाला, ‘त्ये मी कवाच इसारलो.’ विसरला नव्हता, हे मला दिसत होतं.

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा पहिला फोन त्याला केला. येणार का, विचारलं. म्हणाला, ‘तू ये की. आनि लवकर ये, आपला बाक धरून ठेवतो.’