फोल्डर नेला, सॉफ्टवेअर मागेच राहिलं

विंडोज १० साठीचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप नव्हती, म्हणजे विंडोज ११ त्यावर रीतसर बसणार नव्हतं. नवा लॅपटॉप घेतला. आता आठ वर्षांत जमवलेली सगळी सॉफ्टवेअर तिकडे न्यायची होती.

मी सरळ विचार केला. सॉफ्टवेअर ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये असतात, तर तो फोल्डरच पोर्टेबल हार्ड डिस्कवर घ्यायचा आणि नव्या लॅपटॉपवर टाकायचा. कॉपी व्हायला दुपार गेली. त्यातली एक-दोन छोटी सॉफ्टवेअर खरंच चालली, त्यामुळे आशा वाढली. मग फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ ही फाइल सापडत नाही असा मेसेज आला. आणखी एक उघडलं, ते क्षणभर दिसून बंद झालं.

तेव्हा कळलं की इन्स्टॉल करणं म्हणजे फाइली एका जागी ठेवणं नव्हे. सॉफ्टवेअर आपल्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत करतं, काही फाइली ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरमध्ये ठेवतं, मागे गुपचूप चालणाऱ्या काही सर्व्हिस सुरू करतं. शिवाय अनेक सॉफ्टवेअरना व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हा मायक्रोसॉफ्टचा सामायिक फाइलींचा संच लागतो (न सापडलेली ती डीएलएल फाइल यातलीच), आणि तो वेगळाच इन्स्टॉल झालेला असतो. फोल्डर उचलला की हे सगळं जुन्या मशीनवरच राहतं. विंडोज ७ मध्ये ‘ईझी ट्रान्सफर’ नावाची सोय होती, पण तीही फाइली आणि सेटिंग्ज न्यायची, सॉफ्टवेअर नव्हे.

कॉपी केलेलं सगळं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केली. विनगेट हे सॉफ्टवेअर उतरवून इन्स्टॉल करणारं विंडोजचंच साधन. जुन्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘विनगेट एक्सपोर्ट’ ही त्याची कमांड चालवली. तिने इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीची एक फाइल करून दिली. नव्या लॅपटॉपवर ‘विनगेट इम्पोर्ट’ला ती फाइल दिली, आणि एकामागून एक ताज्या आवृत्त्या उतरू लागल्या. विनगेटला जी सॉफ्टवेअर सापडली नाहीत त्यांची नावं एक्सपोर्ट करतानाच स्क्रीनवर आली होती. ती कागदावर लिहून ठेवली होती, म्हणून ती एकेक करून मूळ साइटवरून घेता आली.

पण विनगेट सेटिंग्ज आणत नाही, आणि खरी मेहनत तर त्यांच्यातच मुरलेली असते. त्या बहुतेक ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये सापडतात, आधी लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरचा प्रोफाइल फोल्डर तिथूनच आणला. दोन्हीकडे थंडरबर्ड पूर्ण बंद ठेवलं, आणि नव्या लॅपटॉपवरची आवृत्ती जुन्याहून मागची नाही ना, हे आधी पाहिलं. उघडल्यावर सगळे मेल, फिल्टर, पत्ते जागच्या जागी! त्या क्षणी झालेला आनंद नवा लॅपटॉप हातात आला तेव्हाच्या आनंदाहून मोठा होता. जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरचे ब्रशही असेच आले. क्रोमच्या पासवर्डना मात्र हा उपाय चालत नाही. ते जुन्या मशीनवरच्या विंडोज खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात. ते सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढले, नव्या लॅपटॉपवर घेतले आणि ती फाइल लगेच कायमची पुसली, कारण तिच्यात पासवर्ड उघडे लिहिलेले असतात.

सर्वांत जास्त घाम एका विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरने काढला. लायसन्स की घातली, तर ‘हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे’ असं उत्तर आलं. सुदैवाने जुना लॅपटॉप मी अजून फॉरमॅट केला नव्हता. तो सुरू करून त्या सॉफ्टवेअरच्या मेनूतून लायसन्स डीॲक्टिव्हेट केलं, मग इकडे ते पहिल्याच फटक्यात लागलं. माझं कळकळीचं सांगणं आहे: नव्या मशीनवर प्रत्येक विकतचं सॉफ्टवेअर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय जुन्याला हात लावू नका.

मी जुना लॅपटॉप महिनाभर तसाच ठेवायचं ठरवलं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची पुन्हा गरज पडली. लिब्रेऑफिसमध्ये लिहिताना माझ्या नेहमीच्या शब्दांखाली लाल रेघा येऊ लागल्या. आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द, जे मी वर्षानुवर्षं एकेक करून शब्दकोशात घातले होते, ते सगळे गेले होते. जुन्या लॅपटॉपवर ‘ॲपडेटा’तल्या लिब्रेऑफिसच्या ‘युजर’ फोल्डरमध्ये शोधलं. तिथे ‘वर्डबुक’ नावाचा फोल्डर निघाला आणि त्यात ‘स्टँडर्ड.डिक’. नोटपॅडमध्ये उघडली, तर साधी मजकुराची फाइल, एका ओळीवर एक शब्द, सगळे माझे. लिब्रेऑफिस बंद करून ती फाइल नव्या लॅपटॉपवर त्याच जागी ठेवली. पुन्हा उघडलं, तेव्हा लाल रेघा गेल्या होत्या.