हेडफोनमधली गिटार, सभागृहातली गिटार

गिटारवादकाने घरी हेडफोन लावून मनापासून घडवलेला टोन सभागृहाच्या स्पीकरमधून बाहेर पडताच ओळखू येत नाही, हे ध्वनिसंयोजनाच्या कामात मी अनेकदा पाहिले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका नाट्यगृहात, जुन्या हिंदी-मराठी गीतांच्या वाद्यवृंदाच्या दिवशी जे घडले ते मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्या दिवशी तांत्रिक अडचणी एकामागून एक सुटत गेल्या आणि तरीही वादकाचे समाधान झाले नाही.

वादक तरुण होता. आठवडाभर नोकरी सांभाळून तो शनिवार-रविवारी कार्यक्रम करतो आणि अँप्लिफायरऐवजी पायाशी ठेवायचा डिजिटल मॉडेलर वापरतो. मॉडेलर म्हणजे खऱ्या अँपचा, त्याच्या स्पीकर पेटीचा आणि त्यापुढे ठेवलेल्या माइकचा आवाज गणिताने उभा करणारे यंत्र. १९९० च्या दशकात रोलंडच्या व्हीजी-८ आणि लाइन ६ च्या पॉडपासून ही यंत्रे वादकांच्या हाती येऊ लागली आणि वाद्यवृंदासाठी ती मला मनापासून योग्य वाटतात. शंभर वॉटचा व्हॉल्व्हचा अँप खुलवायचा तर तो इतका मोठा लावावा लागतो की शेजारी उभ्या असलेल्या गायिकेच्या माइकमध्ये तिच्या आवाजाआधी गिटारच शिरते. शिवाय तो अँप टेंपोत चढवायचा खर्च कोणताही आयोजक देत नाही. त्यामुळे त्या दिवशी नाट्यगृहाच्या ध्वनियंत्रणेवर बसलेले ज्येष्ठ सहकारी पहिला सूर ऐकताच “डिजिटलचं हे असंच असतं” असे म्हणून मिक्सरवर गिटारच्या चॅनेलची वरची सगळी पट्टी खाली ओढू लागले, तेव्हा मी त्यांना थांबवले. आवाज जिथे बिघडतो तिथेच तो दुरुस्त करावा, मिक्सरवर त्याच्यावर पांघरूण घालू नये, या मताचा मी आहे.

वेळ मात्र अपुरा होता. साउंड चेकचा बहुतेक वेळ गायक, ढोलक आणि तबला यांत जातो आणि गिटारच्या वाट्याला जी उरलीसुरली मिनिटे येतात त्यांतही निवेदक आपला माइक तपासत असतो आणि मागे सजावटीची ठोकाठोक चालू असते. आयोजक फुलांच्या कमानीसाठी दुपार राखून ठेवतात, पण ज्यासाठी लोक तिकीट काढून येतात त्या आवाजासाठी अर्धा तास मागितला की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, याची मला खरोखर चीड येते.

सर्वप्रथम जोडणी पाहिली. मॉडेलरचे आउटपुट लाइन पातळीवर, म्हणजे माइकच्या सिग्नलपेक्षा बरेच मोठे, होते आणि रंगमंचावरील बॉक्सच्या माइक इनपुटला ते पेलत नव्हते, म्हणून ते माइक पातळीवर आणले आणि फँटम पॉवर, म्हणजे काही माइकना वायरमधून दिली जाणारी वीज, बंद असल्याची खात्री करून घेतली. त्यानंतर त्याला एकेक पॅच, म्हणजे मॉडेलरमध्ये साठवलेली आवाजाची तयार जुळणी, स्वतंत्रपणे वाजवायला सांगितले आणि तेव्हा लक्षात आले की दोन पॅच दोन वेगवेगळ्या कारणांनी बिघडलेले आहेत.

साथीचा स्वच्छ पॅच पोकळ ऐकू येत होता. त्यात डावी आणि उजवी बाजू रुंद वाटावी म्हणून एका बाजूला सुमारे १० मिलिसेकंदांचा विलंब दिलेला होता. हेडफोनमध्ये डाव्या कानाला डावा आणि उजव्या कानाला उजवा आवाज मिळतो, म्हणून ती रुंदी सुंदर लागते; परंतु त्या नाट्यगृहाची यंत्रणा मोनो होती, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र मिसळूनच सर्व स्पीकरना जात होत्या. मूळ आवाज आणि त्याचीच १० मिलिसेकंद उशिरा आलेली तेवढीच मोठी प्रत एकत्र आली की ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा क्रमाने दर १०० हर्ट्झवर आवाजात खड्डे पडतात. गिटारचा सगळा भरीवपणा नेमका याच भागात असतो. मिक्सरवर कितीही बास वाढवला तरी हे खड्डे भरत नाहीत, कारण जे परस्परांना रद्द करून संपले आहे ते वाढवता येत नाही. मी दुसरी वायर काढून घेतली, मॉडेलरचे आउटपुट मोनो केले आणि पॅचमधला तो विलंबाचा ब्लॉक, म्हणजे विलंब देणारा टप्पा, बंद करायला लावला. आवाज तिथल्या तिथे भरला.

लीडच्या, म्हणजे एकट्या गिटारच्या सुरावटींसाठीच्या, पॅचचे दुखणे निराळे होते. तो मधमाश्यांचे पोळे उठवल्यासारखा घोंघावत होता. पॅच उघडून पाहिला तर त्यात स्पीकर पेटीचा ब्लॉकच बंद होता. विचारल्यावर कळले की तालमीच्या खोलीत एक खरा अँप आहे, तो मॉडेलर त्याच्या मागच्या इनपुटला जोडतो आणि हा पॅच त्याने तिथेच घडवला आहे. तिथे ते बरोबरच होते, कारण खरी पेटी समोर होती. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढचे फारसे काही बाहेर सोडत नाही आणि विकृत केलेल्या आवाजातील खरखर तो स्वतःच गिळून टाकतो. सभागृहाच्या स्पीकरमधील ट्वीटर मात्र ती खरखर इमानेइतबारे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो. आम्ही पेटीचा ब्लॉक चालू केला, पेटीचा इंपल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या पेटीच्या आवाजाचा टिपून ठेवलेला ठसा, निवडला आणि त्यातील माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्यावरून कडेकडे सरकवला. खऱ्या अँपसमोर शुअरचा एसएम५७ माइक ठेवताना आम्ही नेमके हेच करतो: मध्यावर आवाज टोकदार येतो, कडेला मऊ आणि गडद येतो. बोटभर अंतराने जो फरक पडतो तो ईक्यूच्या, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करण्याच्या, कोणत्याही बटणाने तसा मिळत नाही आणि मॉडेलर वापरणाऱ्यांनी सर्वांत आधी याच ठिकाणी हात घालावा असे मी प्रत्येकाला सांगतो.

एवढे करूनही सगळी वाद्ये सुरू होताच लीड नाहीसा झाला. हा प्रश्न जोडणीचा नव्हता, कानाचा होता. बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की हा फरक कमी होतो. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात पॅच घडवणारा माणूस साहजिकच बास आणि ट्रेबल वाढवतो आणि मधला भाग कमी करतो. तोच पॅच नाट्यगृहात मोठ्याने वाजला की खाली गडगडाट आणि वर टोचणी एवढेच उरते. जिथे गिटार ओळखू येते तो मधला भाग रिकामा असतो आणि कीबोर्ड तिथे आनंदाने जागा घेतो. आम्ही १०० हर्ट्झवर लो कट लावला, म्हणजे त्याखालचे स्वर कापले. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची असली तरी तिथले काम बास गिटारनेच करावे. हाय कट ६ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवला, १ किलोहर्ट्झच्या जवळचा भाग उचलला आणि गेन, म्हणजे आवाज विकृत करणारी वाढ, जवळजवळ निम्मा केला. गेन कमी करताना त्याचा जीव तुटत होता हे मला दिसत होते, परंतु जास्त गेनमुळे प्रत्येक स्वराचा आरंभ सपाट होतो आणि समूहात तो स्वर कुठे सुरू झाला हेच श्रोत्याला कळत नाही. रिव्हर्बही, म्हणजे आवाजामागची घुमणारी गुंजही, बराच उतरवला, कारण नाट्यगृह स्वतःच पुरेसा रिव्हर्ब देते.

मग मी त्याला लांब वायर लावून प्रेक्षागृहाच्या मध्यावर उभे केले आणि बाकीच्यांना एक अंतरा वाजवायला लावला. प्रत्येक सूर वेगळा, स्पष्ट आणि गोल येत होता. ज्येष्ठ सहकाऱ्यांनीही मान डोलावली. वादक परत रंगमंचावर गेला, दोन ओळी वाजवल्या आणि म्हणाला, “दादा, तिथे छान वाटतंय, पण इथे हाताला काहीच लागत नाही.”

त्याचे हे म्हणणे अनेक साउंडवाले नखरा म्हणून उडवून लावतात आणि ते मला अजिबात मान्य नाही. त्याच्या तक्रारीला ठोस कारण आहे. मॉडेलर देतो तो माइकने टिपलेल्या अँपचा आवाज. पाठीमागे उभ्या असलेल्या अँपचा नव्हे. खरा अँप मागून वाजतो तेव्हा त्याची हवा गिटारच्या लाकडाला आणि तारांना पुन्हा हलवते, लांबवलेला सूर त्यावर टिकतो आणि वादकाला आपल्या बोटांना उत्तर मिळाल्यासारखे वाटते. यंत्राच्या विलंबाचे कारण मी तपासून बाजूला ठेवले होते: असा मॉडेलर थोडेच मिलिसेकंद घेतो आणि आवाजाला ३४ सेंटिमीटर जायलाही एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे अँपपासून चार पावले दूर उभे राहिले तरी तेवढा उशीर होतोच. म्हणून मी वादकाला स्वतःचे वादन ऐकवणारा समोरचा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, उचलून त्याच्या मागे, वर तोंड करून ठेवला. त्याने एक सूर धरला, तो थरथरत राहिला आणि त्याचा चेहरा उजळला. परंतु त्याच रेषेत गायकांचे उघडे माइक होते. सगळे गायक उभे राहताच शिट्टी येऊ लागली आणि मला तो मॉनिटर इतका उतरवावा लागला की तो नावालाच उरला.

संध्याकाळी कार्यक्रम उत्तम झाला. लीडच्या जागी लोकांनी टाळ्या दिल्या आणि मिक्सरवरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार अप्रतिम आली आहे. मला मात्र त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट ऐकू येते: साउंड चेकमध्ये त्याने ज्या जागी सूर लांबवला होता, त्या जागी कार्यक्रमात त्याने तो लवकर सोडून दिला आहे. रेकॉर्डिंग ऐकून तोही म्हणाला की आवाज चांगला आहे, पण त्या रात्री तो आपला वाटला नाही. श्रोत्यांसाठी घडवलेला आवाज वादकाचे वादनच आखडून टाकत असेल, तर श्रोत्यांनाही काहीतरी कमीच मिळाले, हे मला नाकारता येत नाही.

त्याचा पुढचा कार्यक्रम मोकळ्या मैदानावर आहे. त्याच्या मॉडेलरला दोन स्वतंत्र आउटपुट आहेत. एकावरून पेटीसह आवाज सभागृहाच्या यंत्रणेला आणि दुसऱ्यावरून पेटीशिवायचा आवाज त्याच्या मागच्या एका छोट्या पॉवर अँपला आणि खऱ्या बारा इंची स्पीकरला द्यायचा, गायकांना मात्र पलीकडच्या बाजूला उभे करायचे, असे आम्ही ठरवले आहे. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात तो आमच्या गोदामात येणार आहे, म्हणजे सगळे पॅच कार्यक्रमाच्या आवाजात ऐकून लावता येतील. आयोजकांशी गायकांच्या जागेबद्दल बोलणे अजून बाकी आहे.