लेंड्यांची वही : चौथा महिना

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या ठमी सशिणीच्या ट्रेमध्ये सकाळी काळा चिकट लगदा सापडतो आणि मी जुलाब समजून घाबरले होते. ते जुलाब नव्हते. आता चोर सापडलाय, तो आमच्या स्वयंपाकघरातच होता.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. एक आपल्याला रोज दिसतात त्या, कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या, चुरल्या तर आत नुसता गवताचा भुस्सा. दुसऱ्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या, काळ्या द्राक्षांचा इवलासा घड असावा तशा. या दुसऱ्या तो तोंड खाली घालून थेट गुदद्वाराशीच खातो, म्हणून आपल्या नजरेला पडत नाहीत. यात किळस वाटण्यासारखं काही नाही. सशाचं आतडं पिठाच्या चाळणीसारखं काम करतं. जाड कोंडा पुढे सरकून कोरडी लेंडी होते, बारीक पीठ मागे फिरून आंधळ्या आतड्यात जातं. तिथे जिवाणू ते आंबवतात, प्रथिनं आणि बी गटातली जीवनसत्त्वं तयार होतात, आणि तो माल मऊ लेंडीतून पुन्हा पोटात. कोंड्यातून सशाला पोषण फारसं मिळत नाही, पण तो नसेल तर चाळणी हलत नाही.

ठमीची तीच मऊ लेंडी पातळ होऊन पडून राहत होती. म्हणजे पीठ जास्त, कोंडा कमी. पेलेट (सशांचं तयार गोळीखाद्य) मी आधीच निम्मे केले होते, गाजर आठवड्यातून दोन चकत्या. तरी लगदा थांबेना. मग एका रविवारी दुपारी आईला रंगेहाथ पकडलं. कडक भाकरीचा तुकडा! "अगं, किती आवडीनं खाते की, कुर्रम कुर्रम." रोज दुपारी, मी दुकानात असताना. ज्वारीची असली तरी ती पिष्टच, आणि कोरडी कुरकुरीत असल्यानं सशाला भारी आवडते. चिंगी, माझी दुसरी ससीण, हुंगूनही बघत नाही, म्हणून तिचा ट्रे साफ. रात्री दोघींना वेगळं ठेवते म्हणून हा फरक कळला, नाहीतर अजून महिनाभर पेलेटलाच शिव्या देत बसले असते.

भाकरी बंद केल्यावर पाचव्या दिवशी लगदा गेला.

गवताचं: बाहेरून येणारं टिमोथी मला परवडत नाही. मी कडबा आणते. मालदांडीचा, पानं भरपूर असलेली पेंढी बघून. पानं खातात, ताटं कुरतडतात, आणि सशाचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे ते कुरतडणंही हवंच. जोडीला हरळी. कडबेवाल्याने विचारलं, "ताई, शेरडं किती हायत?" ससे म्हटल्यावर बराच वेळ हसला. हिरवी कोवळी ज्वारी मात्र चुकूनही नाही, त्यात सायनाइड तयार होतं, हे गुरं पाळणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. लसूणघास माझ्या दोघींना बंद, पूर्ण वाढलेल्या सशांना त्यातलं कॅल्शियम जड जातं.

आता एप्रिलमधली गोष्ट. ही नोंद लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

पारा चाळिशीपार, चिंगीचे केस गळतायत. आदल्या दिवशी तिच्या लेंड्या बारीक, काळपट, आणि केसाने एकमेकींना जोडलेल्या, माळ ओवल्यासारख्या. मी वहीत लिहिलं आणि झोपले. चूक तिथेच झाली. सकाळी ट्रे रिकामा. कोथिंबीर समोर धरली तर तोंड फिरवलं, पाठ कुबड काढून कोपऱ्यात बसली, दात हळू करकरत होते. सशाला उलटी करता येत नाही, आणि दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडं थांबायला लागतं. शेजारच्या मावशी ओवा-पाणी घेऊन आल्या, त्यांना हात जोडले. औषधाच्या दुकानात एकाने माणसांचं अमॉक्सिसिलिन पुढे केलं. हे सशाला तोंडावाटे देऊ नका, आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि ससाही जाऊ शकतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपून अडथळा नाही याची खात्री केली, कातडीखाली सलाइन दिलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि मगच सिरिंजने पातळ खाणं भरवायला सांगितलं. रात्री अडीचला पहिली लेंडी पडली. वाकडी, चण्याच्या डाळीएवढी. मी आईला उठवून दाखवली.

त्यानंतरचे बदल: बाटली काढून मातीचं परळ ठेवलं, भांड्यातून त्या जास्त पाणी पितात हे दिसतंय. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे पिंपातलं पाणी गाळून दोनदा बदलते. दुपारी कूलर, पिंजऱ्याच्या एका बाजूला ओला टॉवेल (सोलापुरात टॉवेलला तोटा नाही), आणि कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली. केस एक दिवसाआड विंचरते. हिरवा पाला न निथळता, ओलाच देते.

आजचा ट्रे: चिंगी, सोनेरी-तपकिरी, मोठ्या, एकसारख्या. ठमी, तशाच, दोन जोडलेल्या. पावसाआधी कडब्याच्या चार पेंढ्या माळ्यावर चढवल्यात. भिजलेल्याला बुरशी धरली तर सगळी मेहनत पाण्यात. तुमच्यापैकी कुणी कडबा पावसाळाभर टिकवला असेल, तर कशात बांधता ते सांगा.