नातवाचे नाव शिधापत्रिकेत नव्हते

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या सात वर्षांच्या नातवाची शाळेत आरोग्य तपासणी झाली, तेव्हा त्याच्या हृदयाच्या ठोक्यांत वेगळा आवाज ऐकू आला आणि पुढे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया दोन-तीन महिन्यांत करावी, असे डॉक्टरांनी सांगितले. ही सवड मिळाली म्हणूनच पुढचे सगळे जमले, असे मला आजही वाटते.

मावशींकडे केशरी शिधापत्रिका होती, त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्यांचे कुटुंब बसत होते. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेशी नंतर तिची सांगड घातली गेली. २०२३ च्या शासन निर्णयाने विमा संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपये झाली. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही आणि आजार आधीपासूनचा असला तरी उपचार नाकारले जात नाहीत, हे जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

आम्ही रुग्णालयातल्या योजनेच्या कक्षात आरोग्यमित्रांना, म्हणजे रुग्णांना मार्गदर्शन करणाऱ्या योजनेच्या कर्मचाऱ्यांना भेटलो. त्यांनी घड्यांवर फाटत आलेली ती शिधापत्रिका टेबलावर उलगडली, नावांच्या रकान्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "यात बाळाचे नाव कुठे आहे?" नाव नव्हते. त्याच्या आईचेही नव्हते. लग्नाला नऊ वर्षे झाली तरी सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतच राहिले होते, आणि आईचे नाव आले की मुलाचेही घालू, या विचारात मुलाचे नावही राहून गेले होते.

अशी कुटुंबे किती असतील, याचा विचार करून मी अस्वस्थ झाले. योजनेची जाहिरात आयुष्मान कार्डाची होते, परंतु सगळे अडते ते शिधापत्रिकेवर. सुनेचे नाव घालायचे तर आधी माहेरच्या तालुक्याच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. त्यासाठी तिचे वडील दोनदा तहसील कार्यालयात जाऊन आले. तो दाखला, विवाहाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला आणि दोघांचे आधार जोडून आम्ही इकडे अर्ज केला आणि काही आठवड्यांनी दोन्ही नावे चढली.

मग आयुष्मान कार्ड काढताना आधारची अडचण पुढे आली. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये मुलाच्या बोटांचे ठसे घेतलेले नसतात. ते पाच वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदवून घ्यायचे असतात, आणि हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. ते काम आधार केंद्रात झाले. मावशींचे ठसे मात्र यंत्र घेईना. वर्षानुवर्षे भांडी घासून आणि पीठ मळून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. त्या पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा टेकवत होत्या आणि जणू चूक त्यांचीच असावी, तशा माझ्याकडे बघत होत्या. शेवटी आधारला मोबाइल क्रमांक जोडून घेतला आणि त्यावर आलेल्या ओटीपीने ओळख पटली. आधार आणि शिधापत्रिका यांतील नावाचे स्पेलिंगही आधीच ताडून पाहावे, कारण नावे जुळली नाहीत तर अर्ज तपासणीत अडकतो. एका केंद्रचालकाने कार्डासाठी पैसे मागितले, तेव्हा आम्ही तिथून उठून आलो. शंका असल्यास १४५५५ हा आयुष्मान भारतचा विनामूल्य क्रमांक आहे.

बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या आणि नेहमीची औषधे या योजनेत येत नाहीत, त्यामुळे सुरुवातीच्या इकोचा खर्च मावशींनीच केला. रुग्णालय योजनेत अंगीकृत (सामील करून घेतलेले) आहे का आणि त्यातही आपल्याला हवा असलेला विभाग अंगीकृत आहे का, ही दोन्ही चौकशी दाखल होण्यापूर्वी करावी. दाखल झाल्यावर रुग्णालयाने कागदपत्रे पाठवून उपचाराची पूर्वमान्यता घेतली आणि शस्त्रक्रियेसाठी मावशींना एक रुपयाही भरावा लागला नाही.

तान्हे मूल घरात असेल, तर जन्मदाखला हाती येताच त्याचे नाव शिधापत्रिकेत घालून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूल तापाने फणफणलेले असताना तहसीलच्या रांगेत उभे राहणे कोणत्याही आईला जमणारे नाही.

मावशींचा नातू आता शाळेत जाऊ लागला आहे. त्याच्या धाकट्या बहिणीला मार्चमध्ये पाच वर्षे पूर्ण होतील. तिच्या आधार नोंदणीसाठी कोणत्या दिवशी सुट्टी घ्यायची, हे मावशींनी मला आताच विचारून ठेवले आहे.