राहून गेलं

"सर, ती फाइल पाठवायची राहून गेली."

आज दुपारी साहेबांना हा मेसेज टाकला आणि माझा मलाच खटकला. राहून गेली म्हणजे? फाइल काय स्वतःहून बसून राहिली होती? मी विसरलो होतो.

लोकलमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या आयसेनहॉवरची चिठ्ठी आठवली. 1944 चा जून. दुसऱ्या दिवशी जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवायच्या. मोहीम फसली तर काय सांगायचं, ते दोस्त राष्ट्रांच्या या अमेरिकन सरसेनापतीने आधीच पेन्सिलीने लिहून खिशातल्या पाकिटात ठेवलं होतं. (तारखेत जूनऐवजी जुलै पडलाय. टेन्शन असणारच.)

चिठ्ठीचा फोटो मोठा करून बघा. आधी लिहिलंय 'ही मोहीम'. मग ते खोडून 'हल्ला करण्याचा माझा निर्णय'. आणि शेवटी, दोष असलाच तर एकट्या माझा.

हा माणूस पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलाच नव्हता. पुढे सोळा वर्षं मेजरच्या हुद्द्यावर अडकला. आणि 1953 मध्ये थेट अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष!

तिथे मात्र भाषा घसरली. 1960 मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकेचं यू-टू हे हेरगिरीचं विमान पाडलं, तर आधी 'हवामान संशोधनाचं विमान होतं' असं सांगण्यात आलं. सांगण्यात आलं, बरं का! वैमानिक जिवंत हाती लागलाय हे कळल्यावर मग स्वारीने जबाबदारी स्वतःकडे घेतली.

रात्री साहेबांना परत मेसेज केला. "सर, राहून नाही गेली. मी विसरलो."

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.