उणेचं अधिक झालं

डिटोनेशन नॅनोडायमंडची, म्हणजे स्फोटातून बनवलेल्या अतिसूक्ष्म हिऱ्यांची, एकाच बॅचची पावडर. कण सरासरी 5 नॅनोमीटरचे. अर्धी हवेत चारशे अंशांच्या थोडं वर तापवलेली, अर्धी हायड्रोजनच्या प्रवाहात आणखी जास्त तापमानाला. दोन्ही पाण्यात घातल्या आणि झीटा पोटेन्शियल, म्हणजे पाण्यातल्या कणांवरचा भार किती आणि कोणत्या चिन्हाचा हे सांगणारा आकडा, मोजायला बसलो.

पहिली उणे 40 मिलिव्होल्टच्या आसपास आली. ते अपेक्षितच होतं. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरचा ग्राफाइटसारखा कार्बन जाळतो, कार्बोक्सिल गट बसवतो. ते गट पाण्यात प्रोटॉन सोडतात आणि कण ऋणभारित होतो.

दुसरीबद्दल मी साशंक होतो. नुसता हायड्रोजन जडलेला पृष्ठभाग, त्यावर आयनीभवन होईल असं काहीच नाही. कणांना एकमेकांपासून दूर ढकलणारा भारच नसेल, तर ते पाण्यात टिकतील कशाला? पण सोनिकेशन (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणं) आणि सेंट्रिफ्यूजनंतरही सस्पेन्शन स्वच्छ, तपकिरी राहिलं आणि पडद्यावर आकडा आला तो चक्क अधिक चिन्हाचा, जवळपास तेवढाच मोठा.

"सर, मोजणीच्या सेलमध्ये आधीचं काही राहिलं असेल का?" विद्यार्थिनीने विचारलं. सेल धुतला, नवा नमुना भरला. चिन्ह तेच.

हिरा एरवी विद्युतरोधक. पण हायड्रोजनयुक्त हिऱ्याचा पृष्ठभाग हवेत वीज वाहू देतो, हे 1989 पासून ठाऊक आहे. त्याचं सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं की पृष्ठभागावरच्या पाण्याच्या थराकडे इलेक्ट्रॉन जातात आणि हिऱ्यात धनभार उरतो. आमच्या कणांवरही हेच घडत असावं, असं मला वाटतं. उरलेले ग्राफाइटी ठिगळही प्रोटॉन धरून त्यात भर घालत असतील.

मग त्यातच फॉस्फेट बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं क्षारयुक्त द्रावण, टाकला. बघता बघता गढूळ झालं, तळाशी गाळ बसू लागला. क्षारामुळे भाराचा प्रभाव जेमतेम नॅनोमीटरभर पोहोचतो, प्रतिकर्षण कोलमडतं. शिवाय फॉस्फेटचे ऋण आयन धन पृष्ठभागाला चिकटतात. पेशी अशाच क्षारयुक्त द्रावणात ठेवाव्या लागतात, म्हणून त्यांच्यावर प्रयोग करणाऱ्यांना हीच अडचण पहिल्यांदा भिडते आणि पाण्यातल्या सुंदर आकड्यांवर विसंबून चालत नाही.

कच्ची पावडर इतक्या चिवट गुठळ्या का धरते, याचाही धागा भारातच आहे. संगणकावर नॅनोकणांची गणितं मांडणाऱ्या शास्त्रज्ञ अमांडा बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2007 मध्ये गणिताने दाखवलं की एकाच स्फटिककणाच्या वेगवेगळ्या पैलूंवर विद्युत विभव वेगळं असतं, काही धन, काही ऋण. विरुद्ध पैलू समोरासमोर आले की कण एकमेकांना घट्ट धरतात. कोणताही गट न जोडताच.